सीएएच असलेल्या मुलीचं ऑपरेशन वर्षाच्या आत करावं का?

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. पहिलंच बाळ, आता सात आठवड्यांचं. जन्म झाला तेव्हा प्रसूतिगृहात 'मुलगा की मुलगी, आत्ता सांगता येत नाही' असं सांगितलं गेलं. पंधराव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, बाळ मलूल पडलं, आयसीयूत ठेवावं लागलं. तिथे निदान झालं: सीएएच (कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेसिया), अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार, तोही २१-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमच्या कमतरतेमुळे झालेला. गुणसूत्रं ४६ एक्सएक्स, सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं, म्हणजे मुलगी. औषधं सुरू आहेत. सर्जननी सांगितलंय की आठ-दहा महिन्यांची झाली की 'करेक्शन' करून टाकू. सासूबाई म्हणतात, बारसं त्यानंतरच करू. नवरा म्हणतो, लहानपणीच झालं तर तिला आठवणारही नाही. आई विचारते, आम्ही काय करावं?

सरळ उत्तर आधी देते. शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, लहान करण्याचं ऑपरेशन आत्ता करू नका. योनिमार्गाच्या ऑपरेशनचीही या वयात बहुधा गरज नाही. त्याला एक मोठा अपवाद आहे, लघवीचा. त्याबद्दल पुढे लिहिते. पण तुमच्या पत्रात ऑपरेशनवर दोन पानं आहेत आणि औषधांवर एक ओळ. ते प्रमाण उलटं हवं होतं, म्हणून आधी औषधांचंच बोलते.

मूत्रपिंडांच्या वर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरोन ही हार्मोन बनवतात. तुमच्या मुलीत ती बनवणारं एक एन्झाइम नीट काम करत नाही. त्यामुळे कच्चा माल साठतो आणि पुरुषी हार्मोनांच्या वाटेला वळतो. हे पोटात असतानाच, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतं. म्हणून बाहेरची जननेंद्रियं मुलासारखी दिसू लागतात: शिश्निका मोठी, ओठ एकमेकांना चिकटलेले, कधी लघवीची आणि योनीची वाट बाहेर एकाच भोकातून. आत मात्र गर्भाशय आणि अंडाशय नेहमीसारखे असतात. नीट उपचार झाले तर तिला पाळी येईल, पुढे मूलही होऊ शकेल. ग्रहणात तुम्ही बाहेर गेलात, गरोदरपणात काही खाल्लंत, असलं काही इथे घडलेलं नाही. दोष सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे आणि तो आईवडील दोघांकडून यावा लागतो. घरात कोणी फक्त सुनेकडे बोट दाखवत असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

अल्डोस्टेरोन नसल्यामुळे शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं आणि बाळ कोसळतं. पंधराव्या दिवशी तेच झालं. तुमच्या मुलीच्या जिवाला धोका आहे तो इथे. जननेंद्रियांच्या दिसण्यात जिवाला धोका नाही.

कॉर्टिसोलच्या जागी रोजची हायड्रोकॉर्टिसोन तीन वेळा विभागून, अल्डोस्टेरोनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि पहिल्या वर्षात दुधातून थोडं मीठ, हे तुमच्याकडे सुरू असेलच. पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बऱ्याचदा मिळत नाही. मग दुकानदार 'हे त्याच जातीचं आहे' म्हणून प्रेडनिसोलोनचं सिरप देतो. ते परस्पर घेऊ नका, वाढत्या बाळाची उंची त्यानं खुंटते. मिरज, कोल्हापूर, पुणे, जिथून मिळेल तिथून दोन महिन्यांचा साठा घरात ठेवा. गोळी पाण्यात घोळून ती वाटी दिवसभर वापरणंही बंद करा. औषध तळाशी बसतं, सकाळच्या चमच्यात कमी आणि रात्रीच्या चमच्यात जास्त जातं. कुटून सारख्या पुड्या करा आणि प्रत्येक वेळी एक पुडी थोड्या दुधात कालवून लगेच पाजा.

ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवायचा असतो. साधारण १००.४ फॅरनहाइटच्या वर दुप्पट आणि १०२ च्या वर तिप्पट, असं डॉक्टरांकडून तुमच्या बाळाच्या आकड्यांसह कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा. औषध उलटून पडलं, परत दिलं, तेही पडलं, तर थांबायचं नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मांडीत द्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. या वयाला २५ मिलिग्रॅम लागतं. ते द्यायला तुम्ही दोघांनी शिकून घ्या. नवरा कामावर गेलेला असतानाच उलट्या सुरू होतात, हा माझा अनुभव. बाळाच्या पिशवीत इंजेक्शनची कुपी, सुई-सिरिंज आणि 'हिला सीएएच आहे, आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या' अशी चिठ्ठी कायम हवी. रात्रीच्या ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला हा आजार पुस्तकातूनच माहीत असतो. चिठ्ठी असली की अर्धा तास वाचतो, आणि तो अर्धा तास फार मोठा असतो.

आता ऑपरेशन. 'करेक्शन' या एका शब्दात तीन वेगळी कामं बांधलेली असतात. ती सोडवून घेतल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नका.

पहिलं काम शिश्निका लहान करण्याचं. त्याचा उद्देश फक्त दिसणं. त्यानं लघवी सुधारत नाही, पाळी सुधारत नाही, आजार बरा होत नाही. तो अवयव संवेदनेसाठी आहे, त्यात मज्जातंतूंचं दाट जाळं आहे. जुन्या काळी तो पूर्ण कापून टाकत, आता तंतू वाचवून आतला भाग कमी करतात. तंत्र सुधारलं, हे मान्य. पण वाचवलेल्या तंतूंची संवेदना किती टिकली, हे त्या बाळाला वीस वर्षांनीच सांगता येतं. आणखी एक गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते. हार्मोन औषधांनी नीट आवरले की पहिल्या वर्षात शिश्निका थोडी आक्रसते, आणि बाकीचं शरीर वाढतं तशी ती तुलनेनं कमी डोळ्यात भरते. सात आठवड्यांची मुलगी बघून घेतलेला निर्णय दोन वर्षांच्या मुलीला बघून कदाचित घेतलाच जाणार नाही.

दुसरं काम योनिमार्गाचं. योनीची वाट लागते पाळीच्या रक्तासाठी आणि पुढे, तिची इच्छा असेल तर, शरीरसंबंधासाठी. दोन्ही गोष्टी निदान दहा-बारा वर्षं लांब आहेत. बाळाच्या नाजूक, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन न मिळालेल्या त्वचेवर केलेली वाट पुढे आकसण्याची शक्यता मोठी असते. मग ती उघडी राहावी म्हणून सळ्या घालून रुंद करत राहावी लागते. हे कोण करणार? आई. कोणावर? चार-पाच वर्षांच्या मुलीवर. यजमान म्हणतात तिला आठवणार नाही, त्यांना हे विचारा. पहिलं ऑपरेशन आठवणार नाही, पण त्यानंतरच्या तपासण्या आठवतील आणि तेराव्या वर्षी कदाचित लागणारं दुसरं ऑपरेशन तर नक्कीच आठवेल. २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉक्टरांनी, लहानपणी अशी ऑपरेशनं झालेल्या ४४ मुलींची वयात आल्यावरची स्थिती मांडली. ९८ टक्के मुलींना पुढे आणखी काही ना काही उपचार लागणार होते. 'एकदा करून टाकू आणि विसरून जाऊ' हा हिशेब तिथेच मोडतो.

तिसरं काम लघवीच्या वाटेचं. तो अपवाद हाच. लघवी आणि योनी यांची वाट आत एकत्र असेल आणि लघवी मागे योनीत साठत असेल, वारंवार लघवीचा संसर्ग होऊन ताप येत असेल, किंवा धार अडत असेल, तर ते दुखणं आहे आणि त्यावर लवकर उपाय करावा. त्यासाठी आधी डाय घालून एक्स-रे किंवा दुर्बिणीतून तपासणी करून दोन्ही वाटा नेमक्या कुठे मिळतात ते बघतात. असं काही नसेल, बाळ छान धारेनं लघवी करत असेल, ताप नसेल, तर हे कामही थांबू शकतं. तुमच्या पत्रात लघवीची तक्रार कुठेही नाही.

सीएएचच्या बाळाला भूल देणं हीच मुळात साधी गोष्ट नाही. ऑपरेशनच्या ताणात शरीराला कॉर्टिसोल अनेक पटींनी लागतं आणि ते शिरेतून द्यावं लागतं. जरूर असेल तेव्हा हे आम्ही करतोच. पण दिसण्यासाठी करायचं असेल तर ही जोखीमही तराजूत टाका.

मग सर्जन घाई का करतात? बहुतेक सर्जन वाईट हेतूनं सांगत नाहीत. त्यांना तसंच शिकवलेलं असतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मत मांडलं: मूल स्वतःला मुलगा समजेल की मुलगी, हे संगोपनावर ठरतं, म्हणून पहिल्या दोनएक वर्षांत शरीर त्या साच्यात बसवून टाकावं आणि मुलाला काही सांगू नये. या मताचा मोठा पुरावा म्हणून ज्या मुलाची गोष्ट जगभर सांगितली गेली, ते मूल इंटरसेक्स, म्हणजे जन्मतःच मुलगा-मुलगी अशा ठरीव साच्यात न बसणाऱ्या शरीराचं, नव्हतंच. सुंतेच्या वेळी इजा झालेला कॅनडातला एक मुलगा, डेव्हिड रायमर. त्याला मुलगी म्हणून वाढवलं. त्यानं ते कधी स्वीकारलं नाही, किशोरवयात पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला आणि २००४ मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. १९९७ मध्ये ही हकिकत खरी कशी होती ते छापून आलं, पण तोवर चाळीस वर्षं त्या मतावर जगभरच्या डॉक्टरांच्या पिढ्या घडून गेल्या होत्या. आमचीही त्यातच घडली.

२००६ मध्ये छापलेल्या शिकागो सहमतीपासून, म्हणजे या विषयातल्या देशोदेशीच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या धोरणापासून, वारं बदललं. फक्त दिसण्यासाठी ऑपरेशन नको, कार्य बघा, असं तिथे ठरलं. आणि सीएएचमध्ये ऑपरेशनचा विचार करायचाच तर तो फार जास्त बदल झालेल्या मुलींतच. अमेरिकेत शिकागोच्या लुरी बालरुग्णालयानं २०२० च्या जुलैमध्ये जुन्या ऑपरेशनांबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी बॉस्टनच्या बालरुग्णालयानं, मूल स्वतः निर्णयात भाग घेऊ शकत नाही तोवर, आरोग्याला धोका नसेल तर शिश्निकेचं आणि योनीचं ऑपरेशन करणार नाही असं ठरवलं. अशी ऑपरेशनं रोखणारा कायदा माल्टानं २०१५ मध्ये केला, जर्मनीनं २०२१ मध्ये.

दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे, कारण ती तुम्हाला सर्जनकडून ऐकायला मिळेल आणि ती खोटी नाही. सीएएच असलेल्या मोठ्या बायकांना विचारलं तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणींनी 'लहानपणीच झालं ते बरं झालं' असंही सांगितलं आहे. अमेरिकेतल्या सीएएच कुटुंबांच्या काही संघटनांचा सरसकट बंदीला विरोध आहे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वंही निर्णय कुटुंबावर सोडतात, मात्र थांबण्याचा पर्याय पालकांना समजावून सांगायलाच हवा असं म्हणतात. तुम्हाला तो कोणी सांगितला का? पत्रावरून तरी नाही.

माझं मत या दोन्ही बाजू वाचून आणि मुली मोठ्या होताना बघून बनलेलं आहे. ज्या मुलीचं ऑपरेशन आज झालं नाही, तिचं बाराव्या, अठराव्या, पंचविसाव्या वर्षी होऊ शकतं. झालेलं परत जोडता येत नाही. ज्या बायका 'बरं झालं' म्हणतात त्यांना निवडीची संधी मिळाली असती तर त्यांनी कदाचित तेच निवडलं असतं. पण ज्या 'माझं का कापलं' म्हणतात त्यांना द्यायला आमच्याकडे काही उरत नाही. आणि सीएएचच्या एक्सएक्स मुलींपैकी बहुतांश, सुमारे ९५ टक्के, मोठेपणी स्वतःला स्त्रीच मानतात, तरी उरलेल्या काही जणांचं तसं होत नाही. तुमची मुलगी त्यातली आहे की नाही, हे सातव्या आठवड्यात कोणालाच ठरवता येणार नाही. मुलगी म्हणून वाढवा, त्यात मला काही शंका नाही. त्यासाठी कात्री लागत नाही.

खरी अडचण तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे: आंघोळ घालायला येणारी बाई बघते, गावात बोलते. हा प्रश्न मी छोटा मानत नाही. माझ्याकडे येणाऱ्या आईबापांपैकी बहुतेकांना ऑपरेशन हवं असतं ते या भीतीपोटी. पण मग उपायही त्या भीतीवर हवा. आंघोळ आणि मालीश काही महिने तुम्ही किंवा तुमची आई करा, 'डॉक्टरांनी बाहेरच्यांना हात लावू देऊ नका सांगितलंय, संसर्गाची भीती आहे' एवढं कारण पुरतं. आयसीयूतून आलेल्या बाळासाठी ते खरंही आहे. लंगोट बदलताना दार लावायला लाज कसली? घरातल्या कोणाला किती सांगायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. आत्याला, मावशीला, शेजारच्या काकूंना सगळं कळायची काहीच गरज नाही. 'तिच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना आजार आहे, रोज औषध लागतं, तापात जपावं लागतं', हे खरं आहे आणि तेवढं पुरे.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना एकदा माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन या. आजीला समोर बसवून 'आजी, पोटात गर्भाशय आहे, पाळी येणार आहे, ही मुलगीच आहे' एवढं सांगितलं की पुष्कळ वेळा घरातला अर्धा ताण तिथेच उतरतो. बऱ्याच आज्यांच्या मनात एक भीती असते, ती त्या बोलत नाहीत: तृतीयपंथी लोक येतील आणि बाळ घेऊन जातील. कोणीही तुमचं मूल घेऊन जाऊ शकत नाही. ही भीती मनात ठेवून ऑपरेशनला होकार देणाऱ्या घरांना मी भेटले आहे, म्हणून लिहिते.

बारसं पुढे ढकलू नका. नाव ठेवा, पाळण्यात घाला, घुगऱ्या वाटा. बारसं झालं की घरातले लोक मुलीला नावानं हाक मारू लागतात, तिचा आजार म्हणून बघायचे थांबतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहिली असेल तर जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयात जाऊन उशिराची नोंद लगेच करून घ्या. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या, कारण हा आता फक्त डॉक्टर आणि पालक यांच्यातला विषय राहिलेला नाही. २२ एप्रिल २०१९ ला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं अरुणकुमार आणि श्रीजा यांच्या खटल्यात, इंटरसेक्स बाळांवर अशी ऑपरेशनं करायला मनाई करावी असं सांगितलं. आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे, असा त्याचा गाभा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारनं जिवाला धोका असल्याखेरीज ही ऑपरेशनं बंद केली. केरळचा खटला तुमच्या प्रश्नाच्या जवळचा आहे. सात वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी ऑपरेशनची परवानगी मागितली होती. मूल सीएएचचं, गुणसूत्रं ४६ एक्सएक्स. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केरळ उच्च न्यायालयानं परवानगी दिली नाही. तज्ज्ञांची समिती नेमा, जिवाला धोका आहे का ते तिनं बघावं, आणि सरकारनं नियम करावेत, असा आदेश दिला. त्या आईवडिलांचं दुःखही खोटं नव्हतं, पण मुलाच्या संमतीशिवाय असं ऑपरेशन करणं म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेला आणि खासगीपणाला धक्का, असं न्यायालयानं म्हटलं. तमिळनाडूसारखा आदेश महाराष्ट्रात नाही. म्हणजे इथे सगळा भार तुमच्या सहीवर येतो, म्हणून सही उशिरा करा.

सर्जनना पुन्हा भेटाल तेव्हा हे ऑपरेशन तिचं कोणतं दुखणं बरं करणार आहे, ते एका वाक्यात लिहून मागा. बाराव्या वर्षापर्यंत थांबलो तर नेमकं काय बिघडेल, तेही विचारा. तीन कामांपैकी कोणतं करणार, शिश्निकेला हात लावणार का, लावणार तर मज्जातंतू कसे वाचवणार. तुम्ही स्वतः ऑपरेशन केलेल्या किती मुली आता मोठ्या झाल्या आहेत आणि त्या कशा आहेत, हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. ज्यांच्याकडे उत्तर असतं ते रागावत नाहीत. तुमच्या केसमध्ये हार्मोनतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, मानसोपचारतज्ज्ञ आणि जमल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्र बसलेले हवेत. मुंबईत परळचं वाडिया बालरुग्णालय आणि केईएम इथे हार्मोनच्या आजारांचे विभाग आहेत. एका भेटीसाठी प्रवास परवडतो.

आणि मोठ्या शिकाऊ हॉस्पिटलात गेलात तर एक सांगून ठेवते. आठ-दहा निवासी डॉक्टर बाळाभोवती गोळा होतील, प्रत्येकजण लंगोट उघडून बघेल, कोणी मोबाइलवर फोटो काढेल. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. 'आज तपासायची गरज आहे का, कोण तपासणार, एकदाच का' एवढं विचारा. मोठ्या झालेल्या मुलींना ऑपरेशनइतकंच हे पुन्हा पुन्हा उघडं करून बघणं डाचत असतं. प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, ऑपरेशन झालंच तर त्याची नोंद, हे सगळं एका फाइलीत ठेवा. अठराव्या वर्षी ती फाइल तिची असेल.

हे उत्तर इतर पालकही वाचतील, त्यांच्यासाठी थोडंसं. माझं सगळं बोलणं एक्सएक्स सीएएचबद्दल आहे. गुणसूत्रं एक्सवाय असतील तर चित्र वेगळं असतं. ५-अल्फा रिडक्टेज या दुसऱ्या एका एन्झाइमच्या कमतरतेत मुलगी म्हणून वाढवलेली कितीतरी मुलं वयात येताना आवाज फुटून, स्नायू भरून, मुलगा म्हणून जगू लागतात. तिथे लहानपणी 'मुलीसारखं' करून टाकणं फार महाग पडतं. नीट न बनलेल्या जननग्रंथींमध्ये वाय गुणसूत्र असेल तर कर्करोगाचा धोका खरा असतो आणि त्या काढणं लांबवू नये. अँड्रोजेनला, म्हणजे पुरुषी हार्मोनांना, अजिबात दाद न देणाऱ्या मुलींत तो धोका वयात येण्याआधी कमी असतो, तिथे थांबता येतं. 'इंटरसेक्स' हे एक निदान नाही, म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या बाळाचं काय केलं यावरून आपलं ठरवू नका.

तिला कधी सांगायचं, असंही तुम्ही विचारलंय. एका दिवशी बसवून सांगायची ही गोष्ट नाही. तीन वर्षांची असताना 'तुला रोज गोळी लागते, नाहीतर तू आजारी पडतेस'. पाच-सहाव्या वर्षी आपल्या शरीराचे भाग सगळ्यांचे सारखे नसतात, हे आंघोळीच्या वेळी, सहज. नवव्या-दहाव्या वर्षी सोनोग्राफी करून पाळीच्या रक्ताला बाहेर यायला वाट पुरेशी आहे का बघू, तेव्हा गर्भाशय कसं असतं ते मी स्वतः तिला चित्र काढून दाखवीन. वाट अरुंद निघाली तर त्या वेळचा निर्णय तिच्याशी बोलून होईल. शाळेत स्वतंत्र दार असलेलं शौचालय वापरू द्या, बाईंना फक्त आजारपणाची आणि इंजेक्शनची कल्पना द्या.

राहिलं दुसऱ्या बाळाचं. तुम्ही दोघं मामे-आते भावंडं आहात असं लिहिलंय, म्हणजे एकच बिघडलेलं जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता त्या नात्यामुळे वाढली. आता प्रत्येक गरोदरपणात बाळाला सीएएच होण्याची शक्यता चारात एक आहे, मुलगा असो वा मुलगी. मुलगा असला तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि तो थेट सोडियम घसरूनच आयसीयूत जातो, म्हणून पुढच्या बाळाची तपासणी जन्मल्याबरोबर, बाहेरून सगळं ठीक दिसलं तरी, करायचीच. त्याआधी तुमच्या तिघांच्या जनुकांची तपासणी करून ठेवा. मग गर्भावस्थेत दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन आजार आहे का ते बघता येतं, आणि आजारासाठी केलेली ती तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायदेशीर आहे. त्या वेळी कोणी गरोदरपणात, बाळाची जननेंद्रियं बदलू नयेत म्हणून, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या तर परस्पर सुरू करू नका, तो उपचार अजून प्रायोगिक मानला जातो. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात या, तिसरा महिना भरायची वाट बघू नका.